बळ्ळारी नाल्याचं पाणी तपासताना त्यातली औषधं पण तपासा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बेळगाव शहरातनं वाहणाऱ्या बळ्ळारी नाल्याची बातमी आपल्या पेपरात दर पावसाळ्यात येते. जलपर्णी काढली नाही, गाळ उपसला नाही, शहापूर-वडगाव शिवारात पाणी घुसलं, भात कुजलं. ती यायलाच पाहिजे कारण शेतकऱ्याचं नुकसान डोळ्याला दिसतंय. पण त्याच पाण्यातून न दिसणारं, वास न येणारं जे वाहायलंय त्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी वडगाव भागात बऱ्याच वर्षांपासून मेडिकल चालवतो, शिक्षण पण औषधांचंच झालंय, त्यामुळं दुकानातून रोज किती आणि काय काय गोळ्या जातात ते मला माहीत आहे, आणि पोटात गेल्यावर त्या गोळ्यांचं पुढं काय होतं ते पण.

शुगरची मेटफॉर्मिन घ्या. आता घरटी एक तरी शुगरचा पेशंट आहेच म्हटलं तरी चालेल, सकाळी एक संध्याकाळी एक अशी पाचशेची गोळी धरली तर माणसी दिवसाला एक ग्रॅम. ही गोळी शरीरात मोडत नाही, काम करते आणि लघवीतून जशीच्या तशी बाहेर पडते. अमॉक्सिसिलिनचं पण तसंच, निम्म्याहून जास्त औषध बाहेर जातं. ते संडासातून ड्रेनेजला, ड्रेनेजमधून नाल्याला, नाल्यातून जुनं बेळगाव, हलगा, बसवन कुडची करत मार्कंडेय नदीला आणि तिथून गोकाकजवळ घटप्रभेला. शिवाय गुडघेदुखी-कंबरदुखीचं डायक्लोफिनॅक आहे, आकडीवरचं कार्बामाझेपिन आहे, गर्भनिरोधक गोळ्यांतले हार्मोन आहेत, साबण-शांपू-पेस्टमधली रसायनं आहेत, पॉलिस्टरचे कपडे धुताना निघणारे प्लॅस्टिकचे बारीक तंतू आहेत, नॉनस्टिक भांड्यांपासून रेनकोटपर्यंत वापरली जाणारी पीफास नावाची न मोडणारी रसायनं आहेत. ह्या सगळ्याला मिळून इमर्जिंग पोल्युटंट, म्हणजे नव्यानं लक्षात येणारी प्रदूषकं, म्हणतात. ह्यातली बरीच रसायनं वापरात येऊन पन्नास-साठ वर्षं झाली, फक्त इतक्या कमी प्रमाणात मोजता येतील अशी मशिनं अलीकडं आली त्यामुळं ती आता दिसायला लागलीत.

लोकांना वाटतं एसटीपी, म्हणजे सांडपाणी साफ करायचा प्रकल्प, झाला की प्रश्न संपला. हलग्याला सांडपाणी प्रकल्पासाठी शेतकऱ्यांची पिकाऊ जमीन गेली, त्यावर आंदोलनं झाली, त्या शेतकऱ्यांचं दुःख मोठं आहे आणि एवढी किंमत देऊन जो प्रकल्प येतो त्यातनं नेमकं काय स्वच्छ होणार हे विचारायचा हक्क आपल्याला आहेच. एसटीपीत पाण्यात हवा सोडतात, जिवाणू घाण खातात, गाळ खाली बसतो, मग क्लोरीन. हे विष्ठा, साबणाचा फेस, अन्नाचे कण ह्या गोष्टींसाठी बनवलंय आणि त्यासाठी ते चांगलं काम करतं. घाण मोजायचे बीओडी, सीओडी, तरंगणारे कण, कोलिफॉर्म जंतू हे आकडे खाली आले की प्रदूषण मंडळाच्या दृष्टीनं पाणी पास. पण कार्बामाझेपिन त्या सगळ्यातनं जवळजवळ जसंच्या तसं बाहेर येतं, डायक्लोफिनॅकचा पण बराच भाग राहतो. मेटफॉर्मिन बऱ्यापैकी मोडतं पण मोडून त्याचं गुआनिल युरिया नावाचं दुसरंच रसायन होतं आणि ते पाण्यात राहतं, म्हणजे रिपोर्टात मेटफॉर्मिन कमी झालं तरी पाणी मोकळं झालं असं होत नाही. आणि जे पाण्यातनं निघतं त्यातलं बरंच गाळात जाऊन बसतं, प्लॅस्टिकचे कण तर खास करून, आणि तोच गाळ खत म्हणून शेतात टाकायची पद्धत आहे.

माझं म्हणणं असं नाही की एसटीपी नको. एसटीपी पाहिजेच, आज कच्चं सांडपाणी शिवारातनं वाहतंय त्यापेक्षा ते हजारपटीनं बरं. पण ह्या नव्या गोष्टींसाठी पुढचा टप्पा लागतो, ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बन, आणि त्याची जागा, त्याचा खर्च आत्ताच डोक्यात धरला नाही तर दहा वर्षांनी परत जमीन मागायला हेच लोक शेतकऱ्याच्या दारात येतील.

एवढंसं प्रमाण असतं त्यानं काय होणार असं मला दुकानात बरेच जण विचारतात. मोजमाप नॅनोग्रॅममधे असतं. लिटरला एक नॅनोग्रॅम म्हणजे एक ग्रॅम औषध शंभर कोटी लिटर पाण्यात, ऐकायला काहीच नाही. पण कॅनडात संशोधकांनी एका अख्ख्या तलावात मुद्दाम गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन सोडून बघितलं, लिटरला 5-6 नॅनोग्रॅम फक्त, 2001 ते 2003 असे तीन उन्हाळे. नर माशांमधे मादीची लक्षणं आली आणि तिथली फॅटहेड मिनो नावाची छोट्या माशांची जात त्या तलावातनं जवळपास संपली. 2007 मधे ते छापून आलं. औषध बनवतानाच असं बनवतात की थोड्याशा प्रमाणात शरीरावर परिणाम झाला पाहिजे, मग तेच औषध माशाच्या, बेडकाच्या अंगात गेलं तर परिणाम होणारच की.

डायक्लोफिनॅकचं उदाहरण तर आपल्या देशातलंच आहे. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली आणि गिधाडांच्या किडन्या गेल्या, एक जात तर शंभरात एकसुद्धा शिल्लक राहिली नाही. कारण कळायला 2004 उजाडलं, 2006 मधे जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांच्या इंजेक्शनच्या मोठ्या बाटल्या (व्हायल) जनावरांना टोचणं चालूच राहिलं म्हणून 2015 मधे व्हायल 3 मिलीवर आणावी लागली. म्हणजे कारण कळल्यानंतर सुद्धा एका औषधावर बंदोबस्त करायला अकरा वर्षं. नाल्यात तर अशी शेकडो रसायनं एकत्र वाहतात आणि एकत्र आल्यावर ती काय करतात हे तपासणं आणखीच अवघड.

मला सगळ्यात जास्त काळजी अँटिबायोटिकची वाटते. सांडपाण्यात जंतू पण असतात आणि थोडं थोडं अँटिबायोटिक पण, मरण्याइतकं नाही पण सवय होण्याइतकं, आणि जंतू एकमेकांना ती ताकद देतात. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या ट्रीटमेंट प्लांटमधनं बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला 31 मिलीग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडलं होतं, 2007 चा तो अभ्यास, म्हणजे पेशंटला गोळी दिल्यावर त्याच्या रक्तात असतं त्यापेक्षा जास्त औषध त्या ट्रीट केलेल्या पाण्यात होतं. दिल्लीत 2011 च्या अभ्यासात रस्त्याकडेला साचलेल्या, गटारीच्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मधे आणि नळाच्या 50 नमुन्यांपैकी 2 मधे एनडीएम-1 नावाचं जीन सापडलं, ज्याच्यामुळं दवाखान्यातली शेवटची समजली जाणारी अँटिबायोटिकं पण चालत नाहीत. बेळगावात औषधांचे तसले कारखाने नाहीत हे खरं, पण बेळगाव हे दवाखान्यांचं गाव आहे. चंदगड, गडहिंग्लज, खानापूर, गोकाक, चिकोडी, पार गोव्यातनं सुद्धा पेशंट इथं येतात, मोठी हॉस्पिटलं, मेडिकल कॉलेजं, गल्लोगल्ली नर्सिंग होम. त्या सगळ्या पेशंटांची लघवी ह्याच ड्रेनेजला जाते. काउंटरवर उभा राहून मी बघतोय, साध्या लघवीच्या इन्फेक्शनला पूर्वी जी गोळी चालायची ती आता डॉक्टर लिहीतच नाहीत, सरळ इंजेक्शनवर जायला लागतंय.

आता भाजीचं बघा. नाल्याच्या दोन्ही बाजूनं आपलं सगळ्यात चांगलं शिवार आहे, बासमतीचं भात, नंतर मसूर, कोबी, कोथिंबीर, पालेभाज्या. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की नाल्याला मोटर लावण्याशिवाय शेतकऱ्याकडं इलाज नसतो, त्याला दोष देऊन उपयोग नाही, घाण त्यानं सोडलेली नाही. इस्रायलच्या हिब्रू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मधे एक साधा प्रयोग छापला, निरोगी माणसांना ट्रीट केलेल्या सांडपाण्यावर पिकवलेली भाजी-फळं आठवडाभर खायला दिली तर त्यांच्या लघवीत आकडीवरचं कार्बामाझेपिन सापडलं, स्वच्छ पाण्यावरची भाजी दिल्यावर ते उतरलं. प्रमाण पेशंटच्या डोसापेक्षा खूपच कमी होतं, लगेच आजारी पडेल असं काही नाही, पण ज्यानं आयुष्यात ती गोळी बघितली नाही त्याच्या अंगात ती भाजीतनं पोचली. आणि तिथलं पाणी ट्रीट केलेलं होतं, आपल्या नाल्याचं तर कच्चंच आहे. हीच भाजी पहाटे मार्केटला जाते, निम्मी गाडी भरून गोव्याला जाते, राहिलेली आपल्याच घरात येते.

पिण्याच्या पाण्याबाबत शहरातले आपण नशीबवान आहोत हे मान्य केलं पाहिजे. राकसकोप आणि हिडकल ही दोन्ही धरणं आपल्या सांडपाण्याच्या वरच्या अंगाला आहेत, आपण वरचं चांगलं पाणी पितो आणि खाली घाण सोडतो, भोगतात ते खालच्या गावचे लोक ज्यांच्या विहिरी आणि बोअर नाल्याच्या काठाला आहेत. त्यांना कुणी सांगतं पाणी उकळून प्या. उकळल्यानं जंतू मरतात, औषधं आणि पीफास जात नाहीत, उलट पाणी आटून थोडी घट्टच होतात. आरओ फिल्टरनं बरंच काही अडतं हे खरं, गावोगावी नाणं टाकून कॅन भरायची जी आरओ युनिटं आहेत त्यांचा उपयोग आहे, पण अडवलेलं सगळं त्या वाया जाणाऱ्या पाण्यात जमा होतं आणि ते पाणी परत गटारीतच सोडतात. शिवाय भाताला आणि म्हशीला आरओ कोण लावणार.

आणि हे फक्त बेळगाव शहराचं नाही. इचलकरंजी-कोल्हापूरकडचं सांडपाणी पंचगंगेतनं नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येतं आणि तीच कृष्णा पुढं आपल्या जिल्ह्यात मांजरी, अंकली, उगार, कुडची करत जाते, त्यात वाटेत ऊसपट्ट्यातली तणनाशकं आणि कीटकनाशकं मिसळतात. म्हणजे चिकोडी-अथणी-रायबागची माणसं वरच्याचं पितात आणि आपण बेळगाववाले गोकाककडच्या लोकांना आपलं पाजतो. कृष्णेच्या पाण्यावर दोन-दोन लवाद झाले, कुणाला किती टीएमसी ह्यावर वर्षानुवर्षं वकील भांडले, पण त्या पाण्यातनं कोण काय पाठवतंय ह्याचा हिशेब कुणी मांडत नाही. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो तिथं चालू दे, आमच्या भावना त्याबाबतीत सगळ्यांना माहीत आहेत. पण दोन्हीकडच्या प्रदूषण मंडळांनी मिळून हद्दीवर एकाच दिवशी एकाच ठिकाणचं पाणी घेऊन तपासायला कुठल्या कोर्टाची परवानगी लागत नाही.

तपासणीचीच खरी अडचण आहे. ग्रामपंचायतीला जे टेस्ट किट दिलंय त्यात पीएच, क्षार, फ्लोराईड, नायट्रेट, लोह, क्लोरीन अशा गोष्टी कळतात. आपल्या पिण्याच्या पाण्याचं जे मानक आहे, 2012 चं आयएस 10500, त्यात कीटकनाशकांची यादी आहे पण औषधांची नाही. मर्यादाच ठरवलेली नाही त्यामुळं कुणी मोजत नाही, आणि मोजलेलं नाही त्यामुळं मर्यादा ठरवायला आकडे नाहीत, असं हे गोल गोल फिरत राहतं. मी एका संबंधित ऑफिसात जाऊन विचारलं की नाल्याच्या पाण्यात अँटिबायोटिक तपासलंय का, तर तिथल्या साहेबांनी सांगितलं आमच्या यादीत ते नाही. साहेब चांगल्या स्वभावाचे होते, बसवून बोलले, पण यादीत नाही तर नाही. 2022 मधे 104 देशांतल्या 258 नद्यांचं पाणी तपासलेला एक मोठा अभ्यास आला, त्यात कार्बामाझेपिन, मेटफॉर्मिन आणि चहा-कॉफीतलं कॅफिन निम्म्याहून जास्त ठिकाणी सापडलं, आणि सगळ्यात वाईट आकडे सांडपाण्याची सोय नसलेल्या गरीब देशांतले निघाले, लाहोरची नदी त्यात सगळ्यात वरती होती. आपला नाला त्या अभ्यासात नव्हता, पण त्याची अवस्था काय असेल हे सांगायला परदेशातनं माणूस यायला नको.

बाहेर काय चाललंय तेही सांगतो. स्वित्झर्लंडनं 2016 पासून कायदा करून निवडक शंभरेक सांडपाणी प्रकल्पांत ओझोन-कार्बनचा टप्पा बसवायला घेतला. युरोपियन युनियननं 2024 च्या शेवटी नवा नियम काढला, मोठ्या शहरांना हा टप्पा लावायचा आणि त्याच्या जादा खर्चातला निदान 80 टक्के वाटा औषध आणि कॉस्मेटिक कंपन्यांनी भरायचा. अमेरिकेनं 2024 मधे पिण्याच्या पाण्यात पीफासमधल्या दोन मुख्य रसायनांना लिटरला 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली. आपल्याकडं 2020 च्या जानेवारीत केंद्रानं औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिकच्या मर्यादांचा मसुदा काढला होता, खूप चांगला मसुदा होता, पण 2021 मधे अंतिम नियम आला त्यात त्या मर्यादा वगळल्या. ह्याचं मला फार वाईट वाटलं. त्या राहिल्या असत्या तर जगात आपला देश पुढं राहिला असता, आणि गोळ्या पण आपणच सगळ्या जगाला बनवून देतो.

मग बेळगावात बसून आपण काय करायचं? युरोपासारखे प्रकल्प उद्या होणार नाहीत, एवढं मला पण कळतं. पण सुरुवात करायला पैशापेक्षा मन लागतं. आयसीएमआरची (वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधांची राष्ट्रीय संस्था आपल्या गावात आहे, व्हीटीयू ह्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय इथं आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे, मेडिकल आणि फार्मसी कॉलेजं आहेत. महापालिकेनं आणि प्रदूषण मंडळानं ह्यांना बसवून बळ्ळारी नाला, लेंडी नाला, मार्कंडेय नदी काकतीजवळ आणि नाला मिळतो त्याच्या खाली, असं उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यात एकदा पाणी घ्यावं, आठ-दहा ठरावीक औषधं तपासावीत आणि जे निघेल ते लोकांपुढं ठेवावं, कन्नडबरोबर मराठीत पण, कारण नाल्याकाठचा आमचा शेतकरी मराठी वाचतो आणि त्याच्या विहिरीत काय आहे हे त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे.

दवाखान्यांचं दुसरं. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमात द्रवरूप कचरा ड्रेनेजला सोडायच्या आधी त्यावर प्रक्रिया करा असं स्पष्ट लिहिलंय. मोठ्या हॉस्पिटलांत प्लांट असतो, तो रोज चालतो का आणि छोट्या नर्सिंग होममधे काय करतात हे बघायला कुणीतरी गेलं पाहिजे. वडगाव-खासबागच्या रंगाईच्या छोट्या युनिटांना मात्र लगेच नोटीस देऊन बंद करू नका, विणकरांचं आधीच कसंबसं चाललंय, त्यांना एकत्र मिळून एक ट्रीटमेंटची सोय सरकारनं करून द्यावी.

आणि माझ्या धंद्यातलं, एक्स्पायर झालेल्या गोळ्यांचं. लोक मला विचारतात ह्या कुठं टाकू, काही जण संडासात ओततात, बाकीचे कचऱ्यात टाकतात आणि ते तुरमुरीच्या डेपोला जाऊन पावसात मुरतंय. 2016 च्याच घनकचरा नियमात घरातली एक्स्पायर औषधं घातक कचऱ्यात धरली होती आणि अशा कचऱ्यासाठी दर 20 चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र पालिकेनं काढायचं असं लिहिलं होतं, आपल्या शहराला चार-पाच तरी केंद्रं लागतील. अजून एकाची पाटी माझ्या बघण्यात नाही. केरळनं लोकांकडनं जुनी औषधं गोळा करायचं काम कधीच सुरू केलंय. इथल्या आमच्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांशी मी बोललोय, दुकानात डबा ठेवायला आणि लोकांना समजावून सांगायला आम्ही तयार आहोत, त्याचे पैसे पण मागणार नाही. पण भरलेला डबा आम्हाला कचऱ्याच्या गाडीत देता येत नाही, तो दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतनं जाळायच्या भट्टीला गेला पाहिजे, आणि दवाखान्यांचा कचरा उचलणारी गाडी तर ह्याच रस्त्यांवरनं रोज फिरते, तिनं आठवड्यातनं एकदा आमच्या दारात थांबावं एवढा आदेश महापालिका आयुक्तांनी काढावा. आदेश निघाला की दुसऱ्या दिवशी डबे ठेवतो.

आपला,
एक मेडिकल दुकानदार
वडगाव, बेळगाव